किनारीवरचं अक्षर

आमच्या वन्सं एक्स-रेवाल्या. नवऱ्याची थोरली बहीण, माझ्याहून सोळा वर्षांनी मोठी, आणि एकतीस वर्षं एकाच दवाखान्यात लोकांच्या पाठींचे फोटो काढणारी बाई. दवाखाना कायरोप्रॅक्टरचा. म्हणजे गोळी नाही, सुई नाही. डॉक्टर हातांनी मणके चाचपतात, कुठे अडलंय ते शोधतात आणि नेमका झटका देऊन मोकळं करतात. माझ्या आईला तो शब्द मेला कधी जमलाच नाही. ती सरळ "पाठ मोडणारे डॉक्टर" म्हणायची. वन्संसमोर म्हणाली तेव्हा त्यांनी व्याह्यांकडची वगैरे काही बघितलं नाही. "मोडत नाहीत, सोडवतात," असं तोंडावर सुनावलं. आई दोन दिवस फुगून बसली होती.

पेशंट लोकांत वन्संचं नाव थांबाबाई. फोटो काढताना त्या आतून ओरडायच्या, "श्वास घ्या. सोडा. थांबा!" तो 'थांबा' असा यायचा की माणूस जागच्या जागी गोठायचा. एकदा बाहेर बाकावर नंबर लावून बसलेले आजोबाही श्वास रोखून बसले आणि मग मलाच विचारायला लागले, "आता सोडू का हो?"

लग्न केलं नाही त्यांनी. का नाही, हे विचारायची माझी दोन वर्षं हिंमत झाली नाही. शेवटी विचारलं, तर म्हणाल्या, "बघायला आलेल्यांपैकी एकही सरळ उभा राहत नव्हता." झालं. विषय संपला.

आधी त्या मोठ्या इस्पितळात होत्या. तिथून या दवाखान्यात आल्या तो पहिला दिवस त्या अजून रंगवून सांगतात. त्यांनी फिल्म धुतली, वाळवली, दिव्याच्या पेटीवर लावली. मोठे डॉक्टर आले, त्यांनी ती काढली आणि उलटी करून लावली. वन्संनी परत सुलटी केली. डॉक्टरांनी परत उलटी. असं तीनदा झालं. मग दोघंही कमरेवर हात ठेवून उभी. इस्पितळात फोटो बघतात ते पेशंट समोर उभा आहे असं धरून. म्हणजे त्याचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला. कायरोप्रॅक्टर मात्र पेशंटच्या पाठीमागे उभा राहून काम करतो. म्हणून फोटोही पाठीमागून बघतो, उजवं ते उजवीकडे आणि डावं ते डावीकडे. वन्संनी रात्रभर विचार केला म्हणे, आणि सकाळी येऊन म्हणाल्या, "पटलं. ज्याचा हात पाठीवर पडणार, त्याने पाठीकडूनच बघावं." चूक असली तर भांडायचं आणि पटलं तर लगेच मान्य करायचं, हा त्यांचा स्वभाव. यातलं पहिलं मला जन्मजात येतं, दुसरं अजून शिकतेय.

फिल्म आरपार दिसते, काचेसारखी. कुठल्याही बाजूने धरा, पाठीचा कणा तो कणाच. मग उजवं कुठलं, डावं कुठलं? त्यासाठी फोटो काढतानाच पेशंटच्या उजव्या बाजूला शिशाचं एक छोटं अक्षर, इंग्रजी 'आर', लावतात. ते हाडांबरोबर फोटोत उमटतं. आमच्याकडे फिल्म पाठीमागून बघायची पद्धत, म्हणून ते अक्षर उजवीकडे आणि आरशातल्यासारखं उलटं दिसलं की फिल्म बरोबर लागली असं समजायचं. वन्संचं ते शिशाचं अक्षर घासून घासून गुळगुळीत झालेलं. हाडावर सावली पडू नये म्हणून त्या ते जमेल तितकं किनारीला लावायच्या. एकतीस वर्षांत अक्षराशिवाय एक फिल्म त्यांच्या हातून गेली नाही. हे त्या स्वतः सांगायच्या आणि जरा चढ्या आवाजातच सांगायच्या. मी मनात म्हणायची, स्वतःचीच आरती किती ओवाळावी माणसाने! पण खरं होतं ते.

मोठ्या डॉक्टरांना त्यांनी वठणीवर आणलं ती गोष्ट तर अख्ख्या दवाखान्याला पाठ. सुरुवातीला डॉक्टर आल्या-गेल्या सगळ्यांचे फोटो काढायला लावायचे. मान अवघडली, काढ फोटो. कमर भरून आली, काढ फोटो. वन्संनी महिनाभर एका वहीत टिपून ठेवलं आणि वही डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. "चौसष्ट फोटो काढले. प्रत्येकाच्या पुढे एकच गोष्ट लिहा. या फोटोमुळे तुम्ही काय वेगळं केलंत?" डॉक्टर लिहायला बसले. अकरा जणांपुढे लिहिता आलं. बाकी त्रेपन्न जणांना जे केलं ते हातांनी कळलंच होतं. वन्सं म्हणाल्या, "मग त्रेपन्न माणसांच्या अंगातून किरण मी उगाचच घातले की!" दुसरा कोणी डॉक्टर असता तर त्याने बाईला घरी बसवलं असतं. हे डॉक्टर मोठ्या मनाचे. त्या दिवसापासून आधी प्रश्न, मग हात, आणि गरज असली तरच फोटो.

पण याचा अर्थ वन्सं फोटोच्या विरुद्ध होत्या असं नाही हं. एक आजी आल्या होत्या, न्हाणीघरातल्या स्टुलावरून घसरलेल्या. घरचे म्हणत होते, काही नाही हो, उसण भरलीय, एक झटका द्या. वन्संनी दारातच अडवलं. वय विचारलं, पडल्या कशा विचारलं, हाडं ठिसूळ करणाऱ्या दम्याच्या गोळ्या किती वर्षं चालू आहेत ते विचारलं आणि म्हणाल्या, "आधी फोटो. त्याशिवाय या बाईंना कोणी बोट लावायचं नाही." फोटोत एक मणका दबून चपटा झालेला. झटका दिला असता तर काय झालं असतं, कल्पनाच नको. डॉक्टरांनी हात मागे घेतले आणि आजींना गाडीत आडवं झोपवून इस्पितळात पाठवलं. नको तिथे नको आणि हवा तिथे हवाच, अशी ही बाई.

माझी तिथली नोकरीही त्यांनीच लावलेली. मुलं मोठी झाली, मी घरात बसून सगळ्यांच्या मागे भुणभुण लावायला लागले, तेव्हा वन्सं एक दिवस जेवताना म्हणाल्या, "तोंड चालतंय तर त्याचा उपयोग तरी कर. उद्यापासून फोनवर बस." तशी मी दवाखान्याच्या पुढच्या टेबलावर आले. तारखा द्यायच्या, फायली काढायच्या, वाट बघून कावलेल्यांना गोड बोलायचं. घरी नणंद-भावजय आणि कामावरही नणंद-भावजय. लोक विचारायचे, जमतं कसं? मी म्हणायची, मध्ये एक्स-रेच्या खोलीचा शिशाचा दरवाजा आहे ना!

मग मोठे डॉक्टर थकले आणि त्यांचा मुलगा आला. आम्ही त्यांना धाकटे डॉक्टर म्हणतो. पोरगा वाईट नाही. हाताला गुण आहे. पण सदा घोड्यावर. त्यांना सगळं कॉम्प्युटरवर हवं. जुन्या फिल्मांनी एक अख्खी खोली भरलेली होती. त्या सगळ्या स्कॅनरमधून काढून कॉम्प्युटरवर चढवायच्या, नव्याही तशाच चढवायच्या, आणि फिल्मा दर पंधरवड्याला त्यांच्यातली चांदी काढून घेणाऱ्या माणसाला देऊन टाकायच्या. हे काम कोणाकडे? माझ्याकडे. फोन घेता घेता करायचं.

डॉक्टरांनी शिकवलं होतं, अक्षर उजवीकडे आणि उलटं दिसलं की जतन करा. सोपं होतं. पण फिल्मच्या कडेने काळीकुट्ट किनार असते, ती स्क्रीनवर भारी घाण दिसायची. मशीनमध्ये एक बटण होतं, दाबलं की किनार आपोआप कापली जायची. फोटो कसा सुटसुटीत! मला नीटनेटकं लागतं. मी ते बटण सगळ्यांना दाबायला लागले. बहुतेक फोटोंत अक्षर जरा आत असायचं, ते राहायचं. काही फोटोंत मात्र ते अगदी किनारीवर असायचं, आणि किनारीबरोबर तेही जायचं. पहिल्यांदा गेलं तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं. खोटं कशाला बोलू? मला कळलं होतं की ही फिल्म परत घातली पाहिजे. पण तेवढ्यात फोन वाजला, पुढे ढीग पडलेला, आणि मी म्हटलं, जाऊ दे, अंदाजाने बरोबरच असेल. कोण बघतंय! असं आठ-नऊ वेळा झालं असेल.

आणि त्या नवांत एक होती पार्लरवाली.

पार्लरवाली म्हणजे चौकातल्या केस कापायच्या दुकानाची मालकीण. तिशीची, हसरी, दिवसभर उभी. कमरेत दुखतं म्हणून आली. धाकट्या डॉक्टरांना वाटलं, एक पाय किंचित आखूड असावा. किती, ते उभं राहून काढलेल्या फोटोत मोजता येतं. म्हणून वन्संनी फोटो काढला. जमिनीवर रंगवलेल्या पावलांवर तिला उभं केलं, गुडघे ताठ करायला लावले, "थांबा" झालं, अक्षर किनारीला लावलेलं. डॉक्टरांनी स्क्रीनवर मोजलं, डावा पाय एक सेंटिमीटरने आखूड. तिच्या डाव्या बुटात टाचेखाली घालायला पट्टी दिली.

सहा आठवड्यांनी ती परत आली ती भिंतीला धरून. हसू पार गेलेलं. "डॉक्टर, आधी दुखत तरी होतं. आता तर उभंच राहवत नाही. दुपारनंतर दुकान बंद ठेवतेय मी."

डॉक्टरांनी घाईघाईने फोटो उघडला. मी फाईल द्यायला आत गेले होते. वन्संनाही त्यांनी बोलावून घेतलं. वन्संनी आधी स्क्रीनकडे बघितलंच नाही. पार्लरवालीला म्हणाल्या, "बूट काढा, पट्टी काढा, अशा सरळ उभ्या राहा." कोपऱ्यात पातळ लाकडी फळ्या असतात, त्यातली एक तिच्या डाव्या पायाखाली सरकवली. कंबर आणखी वाकडी झाली, आंधळ्यालाही दिसलं असतं. काढून उजव्या पायाखाली सरकवली. दोन्ही बाजू एका रेषेत आल्या. बाईने नकळत मोठा श्वास सोडला.

"उजवा आखूड आहे," वन्सं म्हणाल्या. "आपण डावा उंच केला. एकाचं दोन केलं आपण." मग डॉक्टरांकडे वळल्या. "हे त्या दिवशी का नाही केलंत? तुमचे हात कुठे होते?"

डॉक्टरांचा चेहरा खर्रकन उतरला. पण ते स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाले, "फोटोत डावाच दिसतोय. हे बघा."

वन्संनी चष्मा लावला आणि बघितलं. फार वेळ नाही लागला. फोटोच्या वरच्या टोकाला, बरगड्यांखाली, एक काळसर गोल डाग होता. त्यावर बोट टेकवून म्हणाल्या, "हा पोटातल्या हवेचा फुगा. उभ्या माणसात हा डाव्या बाजूला वर येतो. इथे उजवीकडे दिसतोय. पोट काही जागा बदलत नाही. हा फोटो उलटा चढलाय."

डॉक्टर वाकून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "पण अक्षर कुठे आहे?"



अक्षर नव्हतं. वन्संनी वर बघितलं, खाली बघितलं, चारही कोपरे बघितले. "मी लावलं होतं," त्या म्हणाल्या.

"फोटोत तर नाही. अक्षर नाही, म्हणूनच उलटा चढला ना?" डॉक्टरांचा आवाज आता चढला होता. घाबरलेल्या माणसाचा चढतो तसा. "बाकीच्या फोटोंत आहे. बघा, हा, हा, हा. याच्यातच नाही. म्हणजे लावायचं राहिलं."

"राहिलं नाही. माझ्या हातून फिल्म गेली तेव्हा अक्षर होतं. पुढचं मी पाहिलेलं नाही, आणि जे पाहिलं नाही ते मी बोलत नाही."

आणि मूळ फिल्म? ती तर महिन्यापूर्वीच चांदीवाल्याने नेलेली. मी तिथे उभी. हातात फाईल. तोंड उघडायला काय लागतं? इतर वेळी नको म्हटलं तरी उघडतं. त्या वेळी मात्र अळीमिळी गुपचिळी. मी फाईल टेबलावर ठेवली आणि चक्क बाहेर निघून आले. लाज वाटते सांगायला.

दार उघडंच होतं, म्हणून पुढचं सगळं ऐकू आलं. डॉक्टर म्हणाले, आता लगेच अक्षर लावून नवा फोटो काढू, म्हणजे रेकॉर्ड तरी नीट राहील, आणि तुमच्या नावावरही अक्षर विसरल्याचा डाग राहणार नाही. पार्लरवाली बिचारी म्हणाली, काढा की, माझी हरकत नाही. वन्सं मात्र म्हणाल्या, "नाही."

"का?"

"या बाईंना काय हवं ते फळीने कळलं. पट्टी उजव्या बुटात जाईल, कंबर सरळ होईल. नव्या फोटोने तुम्ही यांच्यासाठी काय वेगळं करणार? काही नाही. मग तो फोटो कोणासाठी? माझ्यासाठी. माझं नाव धुवायला दुसऱ्याच्या अंगातून किरण घालू होय मी? त्यापेक्षा माझाच काढा आणि लावा भिंतीवर!"

पार्लरवाली फस्सकन हसली. सहा आठवड्यांत पहिल्यांदा हसली असेल. डॉक्टर हसले नाहीत.

संध्याकाळी दवाखाना बंद व्हायच्या आधी त्यांनी वन्संना बोलावून एक कागद पुढे केला. अमुक तारखेला काढलेल्या फोटोत बाजू दाखवणारं अक्षर लावायचं राहून गेलं, त्यामुळे पेशंटला चुकीचे उपचार झाले, अशा मजकुराचा. खाली सहीची जागा. हा कागद पेशंटच्या फायलीत लागणार, आणि सोमवारपासून एक्स-रेच्या खोलीत दुसरी बाई येणार. वन्संच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. "तोवर तुम्ही बाहेर टेबलावर बसा, पगार तोच राहील," असं डॉक्टर म्हणाले. त्यांना वाटलं, हा मोठाच उदारपणा.

वन्संनी कागद वाचला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला. "उद्या दहाला उत्तर देते."

घरी आमच्या ह्यांनी आकांडतांडव केलं. "एकतीस वर्षं! अन् कालचा पोरगा ताईकडून लिहून घेतो? मी येतो उद्या, बघतोच त्याच्याकडे!" मी भाजी वाढत होते ती ताटाबाहेर पडली. हे माझ्यावर खेकसले, "तू तरी काही बोल! तिथेच असतेस ना दिवसभर?" खाई त्याला खवखवे म्हणतात ते काय खोटं नाही. मी ताटाबाहेर पडलेली भाजी उगाच वेचत बसले. आणि वन्सं? शांतपणे जेवल्या. वर मागून घेतली भाजी. "तू येऊ नकोस," भावाला म्हणाल्या. "माझं अक्षर होतं. होतं ते होतं." आणि माझ्याकडे एकदा बघितलं. फक्त बघितलं. रागाने नाही, काही नाही. फोटो काढायच्या आधी पेशंट नीट उभा आहे की नाही ते बघतात, तसं.

सकाळी आम्ही दोघी नेहमीसारख्या पायी निघालो. वीस मिनिटांची वाट. मी मनात म्हणतेय, आता विचारतील, आता बोलतील, निदान टोमणा तरी मारतील. मारला असता तर भांडून मोकळी झाले असते! भांडणात मी कोणाला हार जात नाही. पण त्या बोलल्या काय, तर आमच्या गल्लीतला दिवा कसा चार दिवस बंदच आहे आणि आमच्या धाकट्या मुलाच्या शाळेच्या बुटांचे तळवे कसे एकाच बाजूने झिजलेत. दवाखान्याची पायरी आली. मी विचार करत होते, सांगितलं तर माझी नोकरी जाईल. डॉक्टर ओरडतील. हे घरी तोंड फिरवतील. आणि नाही सांगितलं तर? तर एवढंच होईल की एक बाई, जी एकतीस वर्षांत एकदाही अक्षर विसरली नाही, ती 'मी विसरले' असं लिहून देणार नाही आणि तरी दीड वर्षाने विसरलेली म्हणूनच घरी जाईल. आणि तोवर फोनवर मी बसलेली असेन, शेजारी त्या. रोज.

शिवाय दुसरीही गोष्ट होती, रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या डोक्यात आली होती ती. पार्लरवाली एकटी नव्हती. अजून आठ जण कुठे ना कुठे चुकीचा पाय उंच करून फिरत असतील.

दहाला वन्सं डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. मी दोन मिनिटं टेबलाशी उभी राहिले. फोन वाजला. मी उचलून बाजूला ठेवला आणि दार न वाजवता आत शिरले.

"अक्षर होतं," मी म्हटलं. "मी कापलं."

डॉक्टरांना काही समजेना. मग मी सगळं सांगितलं. किनारीचं बटण, नीटनेटका फोटो, अक्षर गेलेलं दिसूनही परत न घातलेल्या फिल्मा, अंदाज. "एकच नाही, डॉक्टर. आठ-नऊ आहेत. नावं मला आठवतात बहुतेकांची." सांगताना आवाज फाटला, नाक वाहायला लागलं, सगळं झालं. पदराला तोंड पुसत उभी राहिले.

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. ओरडले नाहीत. म्हणाले, "आणि मीही फळी लावली नाही. हात लावायच्या आधी स्क्रीन बघितली." पोरगा वाईट नाही, म्हटलं ना मी. मग त्यांनी बाकीचे आठ फोटो एकेक करून उघडले. वन्सं बाजूला उभ्या राहून पोटातला फुगा दाखवत गेल्या. हा बरोबर, हा बरोबर, हा उलटा, हा बरोबर. चार उलटे निघाले. एकालाही नव्या फोटोची गरज पडली नाही.

डॉक्टर म्हणाले, "चौघांना बोलवायचं. आजच. फोन..." आणि माझ्याकडे बघून थांबले.

"तीच करेल," वन्सं म्हणाल्या. "चूक कोणाची तेही तीच सांगेल."

मी डोळे पुसून वन्संकडे बघितलं. "तुम्हाला कळलं होतं," मी म्हटलं. "कालच."

"कालच. अक्षर मी लावलं, फोटोत नाही. मध्ये फिल्म एकाच हातात होती. त्यात काय कळायचंय?"

"आणि मी बोलले नसते तर?"

"तर मी बोलले असते. दहा वाजता. इथेच."

"माझं नाव घेऊन?"

"तुझं नाव घेऊन. घरी तू माझी भावजय. इथे ती चार माणसं आहेत." मग म्हणाल्या, "दहा वाजेपर्यंतचा वेळ दिला होता तुला. तुझ्या तोंडून यावं असं वाटत होतं. फार वाटत होतं."

मला राग आला का? आला. लपवून काय करू? नातं कुठे गेलं, रक्ताची नसले तरी घरची आहे मी, असं क्षणभर मनात आलंच. आणि त्याच क्षणी हेही कळलं की या बाईने माझी वाट बघितली. अख्खी संध्याकाळ, अख्खी रात्र आणि वीस मिनिटं पायी चालताना बघितली, आणि एका शब्दाने मला ढकललं नाही. मग जे रडू आलं ते आधीचं नव्हतं.

डॉक्टरांनी वन्संकडून तो कालचा कागद मागितला. म्हणाले, "मी माफी मागतो, हा फाडून टाकतो."

वन्संनी पर्समधून कागद काढला, पण दिला नाही. टेबलावर पसरला, तळव्याने घडी मोडली. "फाडू नका. फायलीत लावा. पण खाली जागा आहे, तिथे खरं काय झालं ते लिहून. पुढे कोणी फाईल उघडली तर त्याला कळलं पाहिजे." आणि पेन माझ्यापुढे धरलं.

मी बसले. लिहिलं, "वरील मजकूर चुकीचा आहे. फोटोत अक्षर होतं. स्कॅन करताना किनारीबरोबर ते माझ्याकडून कापलं गेलं." मग 'कापलं गेलं' खोडलं आणि 'मी कापलं' लिहिलं. "ते गेलेलं मला दिसलं होतं, तरी मी फिल्म परत घातली नाही." खाली सही केली. लग्नानंतरचं पूर्ण नाव, वन्संच्याच घराण्याचं.

वन्संनी चष्मा लावला आणि दोनदा वाचलं. डॉक्टर उभे, मी बसलेली, बाहेर बाजूला ठेवलेल्या फोनमधून कोणीतरी हॅलो हॅलो करत होतं. मला वाटलं, आता तरी पाठीवर हात ठेवतील.

"तारीख राहिली," त्या म्हणाल्या, आणि पेन परत माझ्या हातात दिलं.